वसाहतकाळातल्या अमेरिकेत मूळ रहिवाशांना जमिनीसाठी कोर्टात दाद मागता येत होती का? मागितली तर निकाल कोणाच्या बाजूने लागायचा?

दाद मागता येत होती, आणि एका खटल्यात तर ते जिंकलेही. जमिनीचा ताबा मात्र मिळाला नाही. मी इथे तेवढ्या एका खटल्याबद्दलच लिहितो, कारण तो जवळजवळ सत्तर वर्षं चालला आणि तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यात आहेत.

माझी हयात दिवाणी वकिलीत गेली. मुलगी कनेक्टिकटमध्ये असते. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा न्यू लंडनहून नॉर्विचला जाताना वाटेत 'अंकसव्हिल' अशी पाटी दिसली. अंकस हा मोहीगन जमातीचा प्रमुख होता, असं मुलीने सांगितलं. त्याच्या जमिनीचा खटला थेट इंग्लंडच्या राजापर्यंत गेला होता हे समजल्यावर मी त्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

आधी हे लक्षात घ्या की त्या वसाहतींमध्ये जमिनीचे साधे तंटे काउंटी कोर्टात चालत आणि निवाडा ज्यूरी करायची. ज्यूरीत गावातलेच जमीनदार इंग्रज. वाद मोहीगन लोकांच्या जमिनीचा असला, तर तीच जमीन आज ना उद्या आपल्याला मिळेल अशी आशा धरून बसलेले शेजारी न्याय करणार! म्हणून मोहीगन कनेक्टिकटच्या कोर्टात न जाता सरळ इंग्लंडच्या राणीकडे गेले. या खटल्यातला खरा झगडा हाच आहे: जमीन कोणाची, याच्याही आधी, हे ठरवायचं कोणी?

आता कागद पाहू. १६३७ मध्ये इंग्रज आणि शेजारची पीक्वॉट जमात यांच्यात युद्ध झालं, त्यात अंकस इंग्रजांच्या बाजूने लढला होता. १६४० मध्ये त्याने कनेक्टिकट वसाहतीला एक दस्त करून दिला. वसाहत म्हणे, हे सगळ्या मुलखाचं खरेदीखत आहे. मोहीगन म्हणत, विकायची वेळ आली तर पहिला हक्क तुमचा, एवढाच त्याचा अर्थ. पुढे १६५९ मध्ये अंकसने उरलेली जमीन वसाहतीचा सेनानी मेजर जॉन मेसन याच्या नावे केली, ती मेसनने जमातीसाठी सांभाळावी म्हणून. वर्षभरात मेसनने वसाहतीच्या सभेला काही हक्क सोडून दिले. कोणते? वसाहतीच्या मते मालकीचे. मोहीगनांच्या आणि पुढे मेसनच्याच वंशजांच्या मते फक्त कारभाराचे, जमीन जमातीचीच. विश्वस्ताला मुळात जी मालकी नव्हती ती तो दुसऱ्याला देणार कशी, हा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो.

अंकसनंतर त्याचा मुलगा ओवेनेको प्रमुख झाला. गोऱ्या लोकांनी त्याला दारू पाजून कागदांवर खुणा करून घेतल्या. एकेक शेत, एकेक रान जात राहिलं आणि मोहीगनांच्या शिकारीच्या मुलखात कोलचेस्टरसारखं गाव उभं राहिलं. अखेर अर्ज राणी ॲनकडे पोहोचला. राणीच्या सरकारी वकिलाने मत दिलं की अशा वादाच्या निवाड्यासाठी आयोग नेमायचा अधिकार राणीला आहे. १७०५ च्या ऑगस्टमध्ये स्टोनिंग्टनला आयोग बसला. अध्यक्ष होता मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर जोसेफ डडली. कनेक्टिकटने आयोगाचा अधिकारच नाकारला आणि बाजू मांडली नाही. निकाल लागला: जमीन मोहीगनांना परत करा.

पण हुकूमनामा हातात आला म्हणजे ताबा मिळाला असं होत नाही, हे आपल्याकडे दरखास्तीच्या, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या, तारखांना हेलपाटे घातलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. अंमलबजावणी करायला तिथे राणीची माणसं नव्हती. वसाहतीने अपील केलं, ते रेंगाळलं, आणि जमिनीवर गोऱ्यांची घरं वाढत राहिली.

१७३५-३६ च्या सुमारास ओवेनेकोचा नातू माहोमेट स्वतः लंडनला गेला, राजाला भेटून गाऱ्हाणं घालायला. राजाची भेट होण्याआधीच तो देवीच्या साथीत वारला. परका म्हणून लंडन शहराच्या हद्दीत त्याला पुरता येईना, तेव्हा नदीपलीकडे सदर्कला पुरलं. तिथल्या कॅथीड्रलच्या आवारात २००६ मध्ये राणी एलिझाबेथने त्याच्या स्मारकाचं अनावरण केलं.

वसाहतीने दरम्यान आणखी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते याच गोष्टीने खटला मोडला. तिने जमातीतलाच आपल्या बाजूचा प्रमुख उभा केला. बेन अंकस याने सांगून टाकलं, आम्हाला वसाहतीविरुद्ध काही तक्रार नाही, खटलाही नको. वादीच म्हणतो वाद नाही, मग कोर्टाने करायचं काय? १७३८ च्या आयोगाने निकाल फिरवला, पण त्याचं कामकाजच इतकं सदोष होतं की ते बाजूला ठेवावं लागलं. १७४३ मध्ये नवा आयोग बसला आणि बहुमताने कनेक्टिकट जिंकलं.

त्या आयोगात न्यूयॉर्कचा डॅनियल हॉर्समॅन्डन होता. मोहीगन हे वेगळे, स्वतंत्र लोक आहेत, त्यांची स्वतःची राज्यव्यवस्था आहे, असं त्याने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर लिहून ठेवलं. याच माणसाने दोन वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये कटाच्या आरोपावरून गुलामांना जिवंत जाळण्याच्या शिक्षा देणाऱ्या कोर्टात न्यायाधीश म्हणून काम केलं होतं. ही दोन्ही मतं एका डोक्यात कशी राहिली याचा मी पुष्कळ विचार केला, मला उत्तर सापडलेलं नाही.

शेवटचं अपील प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे वसाहतींची अपिलं ऐकणाऱ्या राजाच्या सल्लागार मंडळापुढे, गेलं. १९४९ पर्यंत मुंबईची अपिलंही जिथे जात, तेच हे कौन्सिल. १७७३ मध्ये निकाल कायमचा वसाहतीच्या बाजूने लागला. सॅमसन ऑकम हा मोहीगन धर्मोपदेशक तेव्हा हयात होता. त्याने पत्रात लिहिलं की जमिनीच्या तंट्यात गरीब इंडियनांचा (म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा) इंग्रजांपुढे कधीच निभाव लागणार नाही असं वाटतं, कारण त्यांच्याकडे पैसा नाही आणि हल्ली पैसाच सर्वशक्तिमान आहे.

ऑकम पुढे काही कुटुंबांसह न्यूयॉर्ककडे ब्रदरटाउनला निघून गेला. जे राहिले त्यांची पुरण्याची जागा शँटॉकला आहे, जिथे अंकसचा किल्ला होता. नदीकाठीच आहे. नदीचं नाव लंडनच्याच नदीचं, पण तिथले लोक 'टेम्स' नाही, 'थेम्स' म्हणतात.