वाचकांचे प्रश्न: सहा डावांचं ॲव्हरेज

प्रश्न: माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, इथल्याच एका क्लबात खेळतो, पाच-सहा नंबरला बॅटिंगला जातो. या सीझनला सहा मॅच झाल्या, रन असे: 12, 4, 31, 9, नाबाद 58 आणि 18. स्कोअरिंगच्या ॲपवर त्याचं ॲव्हरेज 26.4 येतंय आणि ओपनिंग करणाऱ्या मुलाचं 38. सर म्हणाले की पुढच्या टूर्नामेंटची टीम आकडे बघूनच काढणार. तेव्हापासून पोरगा अभ्यास सोडून फोनवर तेच बघत बसतो. आकड्यांवर एवढा भरवसा ठेवायचा का?
– एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर: ताई, आकड्यांवर भरवसा जरूर ठेवा, पण सहा डावांच्या ॲव्हरेजवर ठेवू नका. तुम्हीच हिशोब करून बघा, एकूण रन 132 आणि आउट झालाय पाचदा, म्हणून 26.4. आता ती नाबाद 58 ची इनिंग बाजूला काढली तर 74 भागिले पाच, म्हणजे 14.8! आणि समजा त्या दिवशी पाच रनांवरच स्लिपमध्ये कॅच गेला असता, तर 79 भागिले सहा, जेमतेम तेरा. पोरगा तोच, बॅट तीच, मेहनत तीच, आणि एका कॅचमुळे ॲव्हरेज अर्धं होतं, मग असल्या आकड्यावर कोणाला घ्यायचं नि कोणाला बसवायचं हे ठरवणं मला तरी पटत नाही.

डाव खूप झाले की चित्र बदलतं. ब्रॅडमनचंच घ्या, टेस्टमध्ये 80 डाव, 10 वेळा नाबाद, 6996 रन, ॲव्हरेज 99.94. 1948 साली ओव्हलला शेवटच्या डावात तो शून्यावर गेला हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्या शून्याने फरक किती पडला तर त्याच्या आधी ॲव्हरेज 101.39 होतं, म्हणजे जेमतेम दीडचा. तुमच्या मुलाचं एका इनिंगने अकरा-बाराने हलतंय. म्हणून आकडा बघितला की आधी विचारायचं, हा किती डावांचा आहे.

दुसरं म्हणजे रन कुठे, कोणत्या पिचवर आणि कधी केले. आपल्या होळकर स्टेडियमचंच बघा ना. 2016 साली न्यूझीलंडविरुद्धच्या टेस्टमध्ये कोहलीने इथे 211 केले, रहाणेने 188, आपण 5 बाद 557 वर डाव सोडला. त्याच मैदानावर 2023 च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध आपण 109 मध्ये ऑलआउट, आणि त्या डावात सगळ्यात जास्त रन परत कोहलीचेच, पण किती तर 22! बॉल पहिल्या तासापासूनच वळत होता. दुसऱ्या डावात पुजाराने 59 काढले, मी तर म्हणेन त्या पिचवरचे ते 59 सपाट पिचवरच्या शंभराला भारी होते, पण ॲव्हरेजच्या रकान्यात ते नुसते 59 म्हणूनच जातात. तुमचा मुलगा पाच-सहा नंबरला जातो, म्हणजे कधी शेवटच्या चार ओव्हर मिळतात तर कधी 40 ला 4 गेलेत अशात जावं लागतं, ओपनरला रोज नवा बॉल आणि अख्खा डाव, दोघांचं ॲव्हरेज शेजारी शेजारी ठेवून काय कळणार?

मग बघायचं काय? बॉल मोजायचे. सहा डाव हे थोडे वाटतात पण त्यात तो दीडशे-एक बॉल तरी खेळला असेल, आणि दीडशे बॉल बरंच काही सांगतात. घरातलं कोणी मॅचला जात असेल तर साध्या वहीत प्रत्येक बॉलपुढे एक खूण करा: बॅटच्या मधोमध लागला, कड लागली, हुकला की सोडला. सोबत स्पिन होता की फास्ट तेवढं लिहा. टीव्हीवर कंट्रोल परसेंटेज म्हणतात ते साधारण हेच. स्पिनचे दहापैकी चार बॉल हुकतायत असं दिसलं तर सरांना सांगायला नेमकं काहीतरी आहे, नेटमध्ये त्यावर काम करता येतं, उलट 26.4 वर नेटमध्ये काय काम करणार! सरांनाही हे शांतपणे दाखवा, आकड्यांची आवड असलेला कोच मिळालाय ही खरं तर चांगली गोष्ट आहे. आणि मुलाच्या फोनमधलं ते ॲप सीझन संपेपर्यंत काढून टाका.

प्रश्न: मी बी.एस्सी. करतोय, स्टॅटिस्टिक्स आवडतं. आकड्यांमुळे एखाद्या खेळाची स्ट्रॅटेजीच बदलली असं उदाहरण क्रिकेट सोडून सांगाल का? मला यात काही करता येईल का?
– एक विद्यार्थी, महू

उत्तर: बास्केटबॉल बघ. एनबीए या अमेरिकेतल्या लीगमध्ये तीन पॉइंटची लाइन (तिच्या बाहेरून बास्केट झाली तर दोनऐवजी तीन पॉइंट) 1979-80 पासून आली, तेव्हा एक टीम एका मॅचमध्ये तीन शॉटसुद्धा लांबून मारत नव्हती, आता पस्तीसच्या वर मारते. कारण अगदी शाळेतल्या गणिताचं आहे. लांबून शंभरातले 36 पडले तरी 108 पॉइंट, आणि लाइनच्या जरासं आतून 40 पडले तरी 80 च. मधल्या अंतराचे शॉट त्यामुळेच कमी होत गेले. मारायचं तर बास्केटच्या अगदी जवळून नाहीतर लाइनच्या बाहेरून.

तुला करता येईल, आणि आजच सुरू करता येईल. क्रिकशीट नावाच्या साइटवर आयपीएलचा बॉल-बाय-बॉल डेटा फुकट मिळतो. एकच छोटा प्रश्न घे, म्हणजे समजा डावखुऱ्या बॅटरला लेगस्पिन दिला की रन खरंच जास्त जातात का, आणि एका सीझनवर थांबू नको, सगळे सीझन घे. उत्तर काय आलं ते मला जरूर कळव, चांगलं असेल तर इथेच छापू.