खोडलेलं वाक्य कापू नकोस

प्रिय दोस्ता,

तुझ्या डेस्कटॉप फिल्मची, म्हणजे सगळी संगणकाच्या पडद्यावरच घडणाऱ्या फिल्मची, संहिता वाचली, सोबतचं रेकॉर्डिंगही पाहिलं. पाळतीवरची फिल्म म्हटली की काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं आणि हुडी घातलेला हॅकर हमखास येतो. तुझ्याकडे तो नाही, बरं वाटलं.

निवेदन मात्र फार झालंय. संकेतस्थळं आपल्यावर नजर ठेवतात हे प्रेक्षकाला ठाऊक असतं, आणि ठाऊक असूनही त्याला त्याचं काही वाटत नाही. आणखी समजावून सांगितल्याने ते वाटू लागणार नाही. एखादं साधं बातम्यांचं पान उघड, शेजारी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला, पान कोणाकोणाशी बोलतंय ते दाखवणारा नेटवर्क टॅब लाव आणि पान रीलोड कर. कुठकुठल्या अनोळखी सर्व्हरांची नावं भराभर खाली उतरत जातात. तेवढा वेळ तू गप्प बस. संहितेतली दोन पानं आपोआप कमी होतील.

आता मुख्य मुद्दा. २०१७ साली प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 'सेशन रिप्ले' नावाच्या प्रकाराचा छडा लावला. संकेतस्थळावर आलेल्याचा माउस कुठे फिरला, त्याने पान किती सरकवलं, कोणती कळ दाबली, हे सगळं टिपून नंतर व्हिडिओसारखं पुन्हा बघता येतं. फॉर्ममध्ये लिहून न पाठवलेला मजकूरसुद्धा त्यात जाऊ शकतो. सर्वाधिक वर्दळीच्या ५०,००० संकेतस्थळांपैकी किमान ४८२ ठिकाणी त्यांना अशी नोंद होताना दिसली. आता सांग, डेस्कटॉप फिल्म याहून वेगळं काय करते? तुझं माध्यम आणि तुझा विषय एकाच यंत्राचे आहेत. निवेदनात हे बोलू नकोस. रचनेतून येऊ दे.

ते तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये आलेलंही आहे. तू बहिणीला 'तू तिथे पोहोचलीस का' असं लिहितोस, थांबतोस, 'तिथे' खोडतोस, मग सगळंच खोडतोस. कर्सर रिकाम्या चौकटीत लुकलुकत राहतो. अख्ख्या रेकॉर्डिंगमधला हा सर्वांत जिवंत तुकडा, आणि संहितेत तू नेमका तोच 'अनावश्यक' म्हणून कापलायस! परत घे. फेसबुकच्या वापराबद्दल २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३९ लाख लोकांचं १७ दिवसांचं वागणं तपासलं होतं. त्यातल्या ७१ टक्के लोकांनी निदान एकदा तरी काहीतरी टाइप करून ते न टाकताच सोडून दिलं होतं. मजकूर साठवला नव्हता, एवढंच टिपलं होतं की लिहिलं आणि टाकलं नाही. हा आकडा खोडलेल्या वाक्याच्या लगेच नंतर पडद्यावर आण. आधी आणलास तर ते वाक्य नुसतं उदाहरण होऊन बसेल.

तांत्रिक बाबी थोडक्यात. ओबीएसमध्ये, म्हणजे पडदा रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, फाइलचा प्रकार एमकेव्ही निवड. मध्येच संगणक बंद पडला तर साधी एमपी४ फाइल बहुधा उघडत नाही. माइक आणि संगणकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घे. झूम करायचं असेल तर मुळात मोठ्या रिझोल्यूशनवर रेकॉर्ड कर, नाहीतर अक्षरं फुटतात. चित्रणासाठी वेगळं युजर अकाउंट काढ, पण डेस्कटॉप चकाचक करू नकोस. अर्धवट नावांच्या फाइली राहू देत, माणूस तिथेच कळतो.

एका बाबतीत मात्र मी अजिबात ऐकणार नाही: इतरांची माहिती. नावं झाकायला तू मोझेक, म्हणजे अक्षरांचे धूसर चौकोन करणारा इफेक्ट, वापरलायस. तसं झाकलेला मजकूर परत वाचता येऊ शकतो. त्यासाठी खुली साधनं उपलब्ध आहेत. सरळ भरीव काळा पट्टा टाक आणि फाइल नव्याने रेंडर कर. खिडकी सरकताना पट्टा एक-दोन फ्रेम मागे राहतो, तिथेच नाव निसटतं, म्हणून ते भाग फ्रेम फ्रेम करून बघ. ऑटोफिलची यादी, टॅबची शीर्षकं, कोपऱ्यातली सूचना, हेही तपास. मित्रांच्या ग्रुपमधलं चॅट त्यांना विचारल्याशिवाय वापरायचं नाही. कोणी नाही म्हणालं तर ते चॅट तू स्वतः नव्याने लिही आणि ते रचलेलं आहे हे पडद्यावर सांग.

पुढचा कट लिंकवर टाकू नकोस. हार्ड ड्राइव्ह एन्क्रिप्ट करून हातात दे, पासवर्ड फोनवर सांग.

तुझा,
सर