ॲपमध्ये हिरवा दिवस होता, तरीही…

‘ॲप सुरक्षित दिवस दाखवत होतं, तरी दिवस राहू शकतात का?’ हा प्रश्न अलीकडे माझ्याकडे सारखा येतो. कधी नुकतं लग्न झालेली मुलगी विचारते, कधी दोन मुलांची आई. उत्तर आधीच देते: हो, राहू शकतात. पण का, हे एका जोडप्याच्या अनुभवातून सांगितलेलं बरं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती आली तेव्हा तिचं बाळ आठ महिन्यांचं होतं, अंगावर पीत होतं. लग्नानंतर घेतलेल्या गोळ्यांनी फार मळमळायचं, म्हणून गोळ्या नको होत्या. नवऱ्याला निरोध आवडत नव्हता. उरलं फोनमधलं ॲप. दोन रात्रींपूर्वी संबंध आले, पाळीचा विसावा दिवस होता, ॲपमध्ये हिरवा. आणि त्या सकाळी तिला कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखा, ताणला जाणारा स्राव दिसला. बीज सुटायला आलं की असा स्राव येतो. पहिल्या वेळी मूल हवं होतं तेव्हा तिने याच खुणेची वाट पाहिली होती, त्यामुळे तिला ती खूण चटकन ओळखता आली आणि ती घाबरली.

“याच ॲपमुळे तर बाळ राहिलं ना ताई, मग आता ते चुकेल कसं?”

तिच्या या वाक्याशी थांबायला हवं होतं, पण आधी घड्याळ पाहणं भाग होतं. संबंधांना दोन दिवस होऊन गेले होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची तातडीची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते आणि जितका उशीर तितका तिचा उपयोग कमी. तांबी पाच दिवसांच्या आत बसवली तर त्याहून खात्रीची. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ही गोळी चालते. मी तिला तेव्हाच डॉक्टरांकडे पाठवलं. तांबीचा निर्णय त्या घाईत तिला घेता येईना, म्हणून तिने गोळी घेतली. एक गोष्ट मी तिला दोनदा सांगितली: ही गोळी बीज बाहेर पडणं पुढे ढकलते, त्यामुळे त्याच महिन्यात पुन्हा संबंध आले तर ती राखण करत नाही. उलट त्या दिवसांत जास्त जपावं लागतं. बऱ्याच जणींना हे कुणी सांगतच नाही.

चार दिवसांनी ती परत आली आणि आम्ही तिचा फोन उघडून बसलो. ॲपकडे गरोदरपणाच्या आधीच्या पाळ्यांची लांबलचक नोंद होती, जवळजवळ सगळ्या २८ दिवसांच्या. बाळंतपणानंतर पाळी दोनदाच आली होती आणि त्या दोन पाळ्यांत ४१ दिवसांचं अंतर होतं. ॲपने ही एक नोंद जुन्या ढिगात मिसळली, सरासरी काढली आणि विसावा दिवस हिरवा करून टाकला. बीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या दोन आठवडे आधी बाहेर पडतं. म्हणजे पाळी ४१ दिवसांची असेल तर बीज सत्ताविसाव्या दिवसाच्या आसपास. स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकतं, पण शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. त्यामुळे बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, असे सहा दिवस जोखमीचे. ते कधी येणार, हे फक्त तारखांवरून आधी कळत नाही. ॲप मागे पाहून पुढचा अंदाज बांधतं, आणि तिच्या बाबतीत मागचं शरीर आणि आताचं शरीर वेगळं होतं.

आता तिचा प्रश्न. मूल हवं असताना ॲपचा अंदाज चार दिवस इकडेतिकडे झाला तर काय बिघडतं? पुढच्या महिन्यात पुन्हा प्रयत्न. नको असताना मात्र तेच चार दिवस भोवतात. तिच्या फोनमधलं ॲप पाळीची नोंद ठेवण्यासाठी केलेलं होतं. ते गर्भनिरोधक आहे असा दावा ते बनवणाऱ्यांनीही केला नव्हता. सेटिंगमध्ये बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही सापडलं.

गर्भनिरोधक म्हणून तपासलेली ॲप आहेत, हेही सांगायला हवं. ‘नॅचरल सायकल्स’ या स्वीडिश ॲपला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये तशी परवानगी दिली. त्यात शरीराचं तापमान नियमित नोंदवावं लागतं, कारण बीज सुटल्यावर ते किंचित चढतं, अंशाच्या काही दशांशांनी. तरीही रोजच्या वापरात वर्षभरात १०० पैकी साधारण ७ जणींना दिवस राहतात, आणि काटेकोर वापरात साधारण २. शिवाय तापमान बीज सुटून गेल्यावर चढतं. म्हणून त्यानंतरचे हिरवे दिवस भक्कम, आधीचे मात्र अंदाजच. ताप, जागरण, मद्य यांनी आकडा हलतो. रात्री तीनदा बाळासाठी उठणाऱ्या आईने पहाटेचं कुठलं तापमान खरं मानायचं?

म्हणून मला स्पष्ट वाटतं: पाळी अनियमित असेल, पीसीओएस (अंडाशयांचा, पाळी बिघडवणारा विकार) असेल, नुकतं बाळंतपण झालं असेल किंवा गोळ्या नुकत्याच थांबवल्या असतील, तर फक्त ॲपवर विसंबू नका. गर्भ राहणं आत्ता अजिबात परवडणार नसेल, तर मुळीच नाही.

पुढच्या भेटीला मी तिच्या नवऱ्यालाही बोलावलं. तो आला, हे महत्त्वाचं. मी विचारलं, “ॲप लाल दाखवतं तेव्हा तुम्ही दोघं काय करता?” तो म्हणाला, “ती सांगते ना, आज नको.” ती खाली बघत म्हणाली, “दरवेळी मीच नाही म्हणायचं, आणि मग दोन दिवस घरात अबोला. कधी कधी मी लाल दिवस सांगतच नाही.”

हे तो पहिल्यांदा ऐकत होता. ॲप कितीही अचूक असलं तरी लाल दिवशी थांबायचं किंवा निरोध वापरायचा, हे माणसांनाच करायचं असतं. तिथे रोज एकटीने नकार द्यायचा आणि एकटीने रोष पत्करायचा असेल, तर ती पद्धत त्या घरात चालत नाही. मी हे त्याला सरळ सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “तांबीचं काय ते डॉक्टरांना विचारू. तोपर्यंत निरोध मी आणतो.”

गोळीनंतर तीन आठवड्यांनी केलेली चाचणी निगेटिव्ह आली, आणि पुढे पाळीही आली. त्याच आठवड्यात तिने तांबी बसवून घेतली. ॲप तिने काढलेलं नाही. पाळीच्या तारखा आणि पोटदुखी त्यात टिपते, आणि आता त्यातली ती रंगीत दिनदर्शिका बंद करून ठेवली आहे.