येतं, पण हातून होत नाही

"चित्र काढायला बसली की तीन-तीन तास हलत नाही. मग गणितालाच कसं लक्ष लागत नाही? आळसच ना हा?" ठाण्यात समुपदेशन करताना हा प्रश्न इतक्या पालकांकडून ऐकलाय की एकदा नीट उत्तर लिहायचं ठरवलं.

नौपाड्यातली आठवीची मुलगी (ओळखीचे तपशील बदलले आहेत). शांत, दंगा न करणारी; अशा मुली हमखास नजरेतून सुटतात. डॉक्टरांनी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जाणाऱ्या मेंदूविकासातल्या अडचणीचं, निदान केलं होतं, पण आईला ते पटत नव्हतं. "आयतं निमित्त मिळालं हिला."

मी चाचणीचा पेपर मागवला. तिघी मिळून पाहू लागलो. समासात कच्चं काम अगदी बरोबर, उत्तर ४८. शेजारी उत्तराच्या ओळीत ८४. पुढच्या पानावर समासात उत्तर होतं आणि ओळ कोरी.

"म्हणजे तुला येत होतं?"

"तेच सांगते ना गं तुला कधीची."

आईचे डोळे भरून आले. माझ्या मते खरं समुपदेशन तिथे झालं. पुढच्या सगळ्या भेटी म्हणजे त्या दोन वाक्यांचा विस्तार. एडीएचडीत माहीत असलेलं ऐन वेळी हातून होत नाही, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली अनेक वर्षं मांडत आले आहेत आणि मला ते रोज दिसतं. चित्रात प्रत्येक रेघेचं फळ लगेच दिसतं. गणिताचं फळ लांब, परीक्षेत. तिथवर मन धरून ठेवणं या मुलांना जड जातं. २००७ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा मुलांच्या मेंदूच्या बाह्य आवरणाची वाढ सरासरी सुमारे ३ वर्षं उशिरा होत असल्याचं दिसलं. तेराव्या वर्षी "आता तुझं तू बघ" म्हणायची घाई म्हणूनच नको.

उपदेश कमी करा, मांडणी बदला, हा माझा आग्रह. एका वेळी एकच सूचना, तीही जवळ जाऊन. घड्याळ समोर. चार गणितं झाली की लगेच शाबासकी. या मुलीने उत्तराची ओळ आधी रंगीत पेनाने आखायची ठरवलं; कल्पना तिचीच.

मात्र निदान घरी करू नका. लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी दिसू लागलेली, किमान ६ महिने टिकलेली आणि घरी-शाळेत दोन्हीकडे दिसणारी हवीत. झोप, चिंता, नजर, अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली खास अडचण) हेही तपासावं लागतं. ते काम बालमानसोपचारतज्ज्ञांचं. गोळी द्यायची की नाही, हेही त्यांच्याशीच बोला.