चर्चमध्ये कुठल्या रविवारी काय गायचं आणि काय वाचायचं, हे कोण ठरवतं?

तुम्ही मैत्रिणीबरोबर दोनदा चर्चला गेलात, एकदा डिसेंबरच्या सुरुवातीला आणि एकदा मार्चमध्ये. दोन्ही वेळा वेदीवर जांभळं कापड होतं, आणि डिसेंबरात नाताळ तोंडावर असूनही नाताळचं एकही गाणं झालं नाही. हे सगळं पाळकांच्या मनावर असतं का, असं तुम्ही विचारलंय.

बहुतेक जुन्या परंपरांच्या चर्चमध्ये नसतं. मी बरीच वर्षं गायकवृंदात आहे आणि त्यातली काही वर्षं रविवारची गीतं निवडायचं काम माझ्याकडे होतं. गाणं आधी कानात भरतं म्हणून वाटतं की आखणी तिथूनच सुरू होत असेल. खरं तर गाणं ठरतं सगळ्यात शेवटी. आधी काळ, काळावरून वाचनं, आणि वाचनांवरून गीतं.

चर्चचं वर्ष जानेवारीत नाही, आगमनकाळात सुरू होतं, म्हणजे 25 डिसेंबरच्या आधीच्या चौथ्या रविवारी. हा वाट पाहण्याचा काळ. पहिल्या रविवारचं शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांतलं वाचन, तर गव्हाणीतल्या बाळाबद्दल नसतंच, ते असतं ख्रिस्ताच्या दुसऱ्या येण्याबद्दल. पुढे येशूच्या येण्याची तयारी करा असं सांगणारा, बाप्तिस्मा करणारा योहान येतो. अशा वाचनांना मेंढपाळांची आणि गव्हाणीची गाणी लावली तर जन्माआधीच बारसं केल्यासारखं होतं! ती गाणी 24 तारखेच्या संध्याकाळी सुरू होतात आणि पुढे बारा दिवस चालतात. अर्थात लोकांच्या आग्रहापुढे पुष्कळ चर्च नमतात, आणि मला त्यात फार पाप दिसत नाही. गंमत म्हणजे नाताळचं म्हणून जगभर गायलं जाणारं ‘जॉय टू द वर्ल्ड’ आयझॅक वॉट्स यांनी 1719 साली बायबलमधल्या 98व्या स्तोत्रावरून रचलं. त्यात ना गव्हाणी, ना तारा. राजा येतोय, एवढंच. माझं मत विचाराल तर ते आगमनकाळातही चपखल बसतं, पण यावरून आमच्याकडे दरवर्षी वाद होतो.

मार्चमध्ये तुम्ही गेलात तेव्हा बहुधा लेंट, म्हणजे प्रायश्चित्तकाळ चालू असणार. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार वगळून 40 दिवस. आगमनकाळ आणि लेंट, दोन्ही तयारीचे काळ, म्हणून दोन्हीकडे जांभळा रंग. पण लेंटचा सूर जास्त गंभीर. पाश्चात्त्य परंपरेच्या बऱ्याच चर्चमध्ये या दिवसांत ‘हालेलूया’, म्हणजे ‘देवाची स्तुती करा’, हा शब्दच गात नाहीत. (पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत असं बंधन नाही.) लेंटच्या पहिल्या रविवारी येशूच्या अरण्यातल्या परीक्षेचं वाचन असतं. एका वर्षी त्यावर नेमकं बसणारं गीत मी मोठ्या खुशीत निवडलं. शनिवारच्या तालमीत ऑर्गन वाजवणाऱ्या काकांनी शेवटच्या कडव्यावर बोट ठेवलं. तिथे तीनदा हालेलूया! ते कडवं गाळलं. तेव्हापासून गीत शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय मी कागदावर त्याचा क्रमांक लिहीत नाही. आणि ईस्टरच्या आदल्या रात्री तो शब्द परत येतो तेव्हा रोजच्या गाणाऱ्यांचाही आवाज थोडा हलतो.

आता वाचनांबद्दल. त्यांचं ठरलेलं वेळापत्रक असतं, त्याला लेक्शनरी म्हणतात. कॅथलिक चर्चने 1969 मध्ये तीन वर्षांचं चक्र आणलं. त्याच धर्तीवरचं, 1992 मध्ये आलेलं वेळापत्रक अनेक प्रॉटेस्टंट चर्च वापरतात. एक वर्ष मत्तयाच्या शुभवर्तमानाचं, एक मार्कच्या, एक लूकच्या. ज्या इसवी सनाला तीनने भाग जातो, ते लूकचं. चौथं शुभवर्तमान योहानाचं (हा बाप्तिस्मा करणारा योहान नव्हे). त्याला स्वतःचं वर्ष नाही, तो मोठ्या सणांना आणि मधूनमधून येतो. रविवारी साधारण चार भाग असतात: जुना करार (बायबलचा येशूच्या आधीचा भाग), स्तोत्र, येशूच्या शिष्यांनी मंडळ्यांना लिहिलेलं एखादं पत्र आणि शुभवर्तमान. ईस्टरनंतर जुन्या कराराच्या जागी ‘प्रेषितांची कृत्ये’ हे येशूच्या शिष्यांच्या कामाची हकीकत सांगणारं पुस्तक. यातलं स्तोत्र मला सगळ्यात जवळचं, कारण ते वाचनही आहे आणि गाणंही. पहिल्या वाचनाला मंडळी त्यातूनच उत्तर देतात.

मार्कचं शुभवर्तमान लहान, वर्षभर पुरत नाही. म्हणून त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये सलग पाच रविवार योहानाचा सहावा अध्याय येतो: आधी पाच भाकरींत हजारो लोक जेवले ती गोष्ट, मग ‘जीवनाची भाकर मी आहे’ हे येशूचं बोलणं, मग पुन्हा जीवनाची भाकर. तिसऱ्या आठवड्यापर्यंत भाकरीवरची सगळी गीतं संपलेली असतात. अशा वेळी चाल बदलायची युक्ती कामी येते. कित्येक इंग्रजी गीतांच्या कडव्यात ओळींची अक्षरं 8, 6, 8, 6 अशी असतात, त्यामुळे एकाचे शब्द दुसऱ्याच्या चालीत बसतात. तेच शब्द लेंटमध्ये उदास चालीत आणि ईस्टरला उजळ चालीत गाता येतात.

सगळीकडे असं नसतं. अनेक स्वतंत्र आणि पेंटेकॉस्टल चर्च नाताळ आणि ईस्टर सोडले तर हे काळ पाळत नाहीत. तिथे पाळक संदेशाचा विषय ठरवतात आणि गाणी त्यावरून निवडली जातात. म्हणजे तुमचा अंदाज तिथे बरोबर ठरतो. तुमच्या मैत्रिणीच्या चर्चमध्ये मात्र जांभळं कापड होतं, त्यावरून ते काळ पाळणारं दिसतंय. जूननंतर कधी गेलात तर कापड बहुधा हिरवं दिसेल.