एकेक केस काढला तरी आपला कुत्रा दिसेना

(पाळीव प्राण्यांची आणि माणसांची हुबेहूब चित्रं काढताना कुठे अडतं ते लिहून पाठवा असं आम्ही म्हटलं होतं. आलेल्या पत्रांतली चार इथे घेतोय.)

प्रश्न : आमच्या लॅब्रेडॉरचं पेन्सिलने पोर्ट्रेट करतेय. तीन आठवडे झाले, अक्षरशः एकेक केस काढलाय. पण घरातले म्हणतात, छान आहे, पण हा आपला नाही. काय चुकतंय?

उत्तर : ताई, तुमच्याकडे चिकाटी भरपूर आहे, ती फक्त केसांवर खर्च होतेय आणि तोंडवळा केसांत नसतोच. तुमचा कुत्रा लांबून, संध्याकाळच्या अंधुक उजेडात येत असला तरी तुम्ही त्याला ओळखता ना, तेव्हा एक तरी केस दिसतो का? दिसतो तो डोक्याचा आकार, कान कुठून सुटतात ते, दोन डोळ्यांतलं अंतर. यात दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडला की दुसराच कुत्रा तयार होतो. म्हणून आधी फोटोवर दोन डोळे आणि नाकाचा शेंडा असा त्रिकोण पट्टीने मोजा, मग तोच तुमच्या चित्रात मोजा, आणि दोन्ही उलटे धरून शेजारी ठेवा, कारण उलटं धरलं की आपल्याला कुत्रा दिसत नाही, नुसते आकार दिसतात आणि चूक लगेच सापडते. त्रिकोण चुकलेला निघाला तर मन घट्ट करा आणि पुसा, तीन आठवड्यांचं काम असलं तरी पुसा.

दुसरं म्हणजे डोळे. कुत्र्याच्या डोळ्यातला पांढरा भाग एरवी जवळजवळ दिसतच नाही, आपण माणसाच्या सवयीने तो ठेवतो आणि कुत्रा घाबरल्यासारखा दिसायला लागतो. वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडते ती जरूर घ्या, आणि चकाकणारा ठिपका खोडरबरने नंतर काढण्यापेक्षा आधीच कोरा सोडा.

आणि केस काढायचेच तर ते वाढतात त्या दिशेने, म्हणजे नाकापासून कपाळाकडे आखूड आणि मानेवर लांब. पण आधी 2बी पेन्सिलने (बी म्हणजे मऊ आणि गडद, आकडा वाढेल तशी आणखी) उजेड-सावलीचे मोठे भाग भरून घ्या, मग जिथे उजेड संपून सावली सुरू होते तिथेच केस दाखवा, बाकीचे बघणाऱ्याचा डोळा आपणहून भरतो. जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्युररचा 1502 सालचा ससा मिळाला तर मोठा करून बघा. त्याचा प्रत्येक केस मोजता येईल असं वाटतं, पण खाली पातळ रंगाचे डाग आहेत आणि केस त्यावर नंतर आलेत, शिवाय डोळ्यात खिडकीचं प्रतिबिंब आहे. याच ड्युररने 1515 मध्ये गेंडा काढला तो स्वतः न बघता, नुसत्या वर्णनावरून आणि दुसऱ्याच्या स्केचवरून, तर त्याच्या पाठीवर एक जास्तीचं छोटं शिंग आलं. एवढ्या मोठ्या हाताचंसुद्धा न बघता हे होतं!

प्रश्न : माझी काळी मांजर कागदावर कोळशाचा गोळा होते. 8बी पेन्सिल दाबून दाबून वापरतो तर तो भाग चमकायला लागतो.

उत्तर : ग्राफाइट, म्हणजे पेन्सिलीतलं शिसं, दाबलं की चमकतंच, त्यावर जोर हा उपाय नाही. हलक्या हाताने थरावर थर द्या, आणि खरा गडद काळा हवा असेल तर तेवढ्यापुरती चारकोल (कोळशाची) पेन्सिल घ्या, फक्त ती कोऱ्या कागदावर आधी लावा, कारण ग्राफाइटच्या गुळगुळीत थरावर चारकोल नीट बसत नाही. आता डोळे अर्धे मिटून मांजरीकडे बघा. पूर्ण काळं फारच थोडं असतं, डोळ्याची बाहुली, नाकपुड्या, कानाचा खोल भाग, बस. पाठीवर आणि गालावर उजेड पडतो तिथे चक्क राखाडी आहे, मांजरीला आकार तोच देतो. मिशांसाठी एक गंमत करा, शेडिंग सुरू करण्याआधी रिकाम्या बॉलपेनने, म्हणजे शाई संपलेल्या, मिशा कागदावर दाबून ओढा. वरून पेन्सिल फिरवली की त्या खाचेत रंग जात नाही आणि पांढरी मिशी एका झटक्यात उमटते. (आधी रद्दी कागदावर करून बघा, जोर किती लावायचा ते कळेल.)

प्रश्न : मी 14 वर्षांची आहे. आईच्या सेल्फीवरून तिचं चित्र काढलं, नाक मोठं आलं आणि कपाळ छोटं.

उत्तर : नाकाची चूक तुझी नाहीये, सेल्फीची आहे. फोन जवळ असला की नाक त्याच्या सगळ्यात जवळ येतं म्हणून फुगतं आणि कान मागे जातात. पाच-सहा फूट लांब उभी राहून थोडं झूम करून फोटो घे, खिडकी एका बाजूला असू दे आणि फ्लॅश बंद. कपाळ छोटं होतं कारण आपण डोळे फार वर काढतो, ते डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, केस धरून. दोन डोळ्यांमध्ये साधारण एक डोळा मावतो. ही मापं सुरुवातीला हाताशी ठेव, पण आईच्या चेहऱ्यात वेगळं दिसलं तर आईचंच खरं. हसताना दातांमध्ये रेघा मारू नकोस, दात काळे दिसतात, फक्त हिरड्यांची कड आणि ओठांच्या कोपऱ्यातली सावली दाखव. आणि तुझ्यासाठी खास, वर ज्याचं लिहिलं त्या ड्युररने 1484 मध्ये, 13 वर्षांचा असताना, आरशात बघून स्वतःचं चित्र काढलं होतं, तेही चांदीच्या टोकाने, म्हणजे पेन्सिलीसारख्या धरलेल्या चांदीच्या तारेने, ज्याची रेघ सहज पुसता येत नाही. तू नक्की काढत राहा.

प्रश्न : आमचा बोका गेला. एकच फोटो आहे, तोही हललेला. त्याच्या डाव्या कानाला चीर होती. चित्र होईल का?

उत्तर : होईल. वाईट वाटलं वाचून. घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या फोनमध्ये मागे कुठेतरी तो आलेला असेल तर मागून घ्या, पट्टे आणि रंग त्यातून कळतील, पण उजेड मात्र एकाच फोटोचा घ्या, दोन फोटोंचे उजेड मिसळले की चेहरा विस्कटतो. जे फोटोत दिसत नाही ते दुसऱ्या बोक्यावरून भरू नका, तिथे कडा पुसट सोडून द्या. कानाची चीर मात्र स्पष्ट काढा.