साधा, प्लस की अल्ट्रा?

प्रश्न : सॅमसंग गॅलॅक्सी एस२५ मालिकेतला फोन घ्यायचाय. मी शिक्षिका आहे. शाळेच्या कार्यक्रमांचे फोटो मीच काढते, तेही मागच्या रांगेतून. फोन चार-पाच वर्षं तरी टिकायला हवा. अल्ट्रा घेऊ का?

उत्तर : ताई, अल्ट्रा घ्यायच्या आधी तो दहा मिनिटं एका हातात धरून बघा. २१८ ग्रॅमचा आहे तो. साधा एस२५ १६२ ग्रॅमचा. हात वर करून अख्खं नाटक टिपायचं तर हा फरक मनगटाला कळतो. साध्यात आणि प्लसमध्ये कॅमेरे अगदी सारखेच आहेत, ३ पट झूमची वेगळी लेन्स दोन्हींत आहे. अल्ट्रात त्याशिवाय ५ पटवाली ५० मेगापिक्सेलची लेन्स मिळते. शेवटच्या रांगेतून मुलांचे चेहरे स्वच्छ हवे असतील तर तिचा उपयोग नक्की होतो. पण शिक्षिकेला दोन रांगा पुढे कोण जाऊ देणार नाही?

मी तुम्हाला प्लसच सुचवेन. बॅटरी ४९०० एमएएचची (साध्यात ४०००), आणि दिवसभराच्या संमेलनात तीच आधी दगा देते. शिवाय प्लसमध्ये साठवण २५६ जीबीपासून सुरू होते. तिन्हींत मेमरी कार्ड बसत नाही, त्यामुळे १२८ जीबीचा साधा फोन तर घेऊच नका. प्रोसेसर तिन्हींत एकच, अपडेट्सही सात वर्षांचे, त्यामुळे टिकण्याची काळजी नको. फक्त प्लसचा स्क्रीन ६.७ इंची आहे, तेवढा हातात मावतो का ते पाहा. नाहीच मावला तर २५६ जीबीचा साधा.